पश्चिमेची भिंत

चंद्रपुरात किंवा गडचिरोलीत नव्या इमारतीचे काम स्लॅबपर्यंत आले की मालक एलिव्हेशनचा विषय काढतो. तोवर पाया, सळई, सिमेंट यांबद्दल त्याने फारसे विचारलेले नसते. ते इंजिनिअरचे खाते. बाहेरून इमारत कशी दिसेल हे मात्र त्याचे स्वतःचे खाते असते आणि त्यासाठी पुण्या-हैदराबादच्या इमारतींचे फोटो मोबाइलमध्ये आधीच जमवलेले असतात. गडद राखाडी पॅनेल, मध्ये लाकडासारखी दिसणारी उभी पट्टी, मोठ्या काचा आणि कुठेतरी एक केशरी चौकट. त्या फोटोंत वाईट काही नसते. पण ते सगळे इमारत पूर्ण झाल्या झाल्या काढलेले असतात, आणि इमारत त्यानंतर पन्नास वर्षे उभी राहायची असते. या दोन जिल्ह्यांत इमारतींच्या बाहेरच्या अंगाचे काम करताना माझे एक मत पक्के होत गेले आहे. सगळ्या इमारतीसाठी एक रंग आणि एक साहित्य निवडायला बसणे हीच इथे पहिली गफलत. निवड भिंतीगणिक करावी, आणि नवी असताना भिंत कशी दिसेल यापेक्षा ती कशी तापेल आणि कशी मळेल हे आधी पाहावे. शेड कार्ड त्यानंतर उघडावे.

उन्हापासून सुरुवात करू. चंद्रपूर २० अंश उत्तर अक्षांशाच्या अगदी लगत आहे, गडचिरोली किंचित वर. त्यामुळे २० मेच्या सुमारास भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैच्या चौथ्या आठवड्यापर्यंत दुपारी तो थोडा उत्तरेकडेच कललेला असतो. मे २०१९ मध्ये चंद्रपुरात पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. असा पारा चढतो त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही. पडले तरी वरून घसरत जाते, आणि दोन फुटांचा छज्जा तिला पुरून उरतो. तरीही दक्षिण म्हणजे उन्हाची दिशा असे धरून लोक तिकडे जाड दगड लावतात, आणि रस्ता पश्चिमेला असला तर तिकडे काच. हिशेब नेमका उलटा आहे. मे महिन्यात दुपारी चारला सूर्य क्षितिजापासून साधारण ३६ अंशांवर असतो आणि जवळजवळ समोरून पश्चिमेच्या भिंतीवर येतो. दोन फुटांच्या छज्ज्याची सावली तेव्हा जेमतेम दीड फूट खाली उतरते. पाच वाजता फूटभरही नाही. पूर्वेच्या भिंतीवर सकाळी तेवढेच ऊन पडते, पण तेव्हा हवा निवलेली असते आणि भिंतही. पश्चिमेला ऊन येते ते हवा सर्वांत तापलेली असताना. नऊ इंची विटेच्या भिंतीतून ही उष्णता आत पोहोचायला सहा ते आठ तास लागतात, म्हणजे चारचे ऊन रात्री अकरा-बाराला झोपायच्या खोलीत उतरते. रात्री भिंतीला हात लावला तर चटका बसतो अशी तक्रार उन्हाळ्यात घरोघरी असते. ती बहुतेक वेळा घराच्या एकाच भिंतीबद्दल असते.

मग त्या एका भिंतीवर गडद राखाडी लावणे म्हणजे काय होते ते पाहा. नवा पांढरा रंग अंगावर पडलेल्या उन्हातला सुमारे तीन चतुर्थांश भाग परत फेकतो, फिकट बदामी साधारण निम्मा. गडद राखाडी वीस टक्केही नाही. बाकीचे सगळे भिंत पिते. अशा पृष्ठभागाचे तापमान मेमधल्या दुपारी सहज साठ अंशांच्या पुढे जाते. त्यावर जूनच्या पहिल्या वादळी पावसाची सर आली की पृष्ठभाग काही मिनिटांत थंड होतो, मागची भिंत मात्र तापलेलीच राहते. सिमेंटने चिकटवलेल्या टाइल आणि दगडी लाद्या सुटतात त्या अशाच ताणाने. आधी बोटाने वाजवले की पोकळ आवाज देतात आणि मग दोन-तीन पावसाळ्यांत एखादी खाली येते. पश्चिमेला दगड लावायचाच असेल तर तो स्टेनलेस स्टीलच्या क्लॅम्पवर, मागे हवेची पोकळी ठेवून लावावा, म्हणजे दगड तापला तरी भिंत तेवढी तापत नाही. पण त्याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय नकाशातच असतो. जिना, संडास-बाथरूम, कोठीची खोली पश्चिमेला घ्यावी. उरलेल्या भिंतीपुढे जाळी, उभ्या पट्ट्या किंवा खोल छपरी द्यावी. पश्चिमेच्या भिंतीचा पहिला रंग सावली हाच. मालकाला गडद रंगाची हौसच असेल तर ती दक्षिणेला, छज्ज्याखाली भागवता येते. उन्हाळ्यात तिला ऊन लागत नाही, आणि डिसेंबरात लागते तेव्हा ते हवेच असते.

उन्हाइतकाच दुसरा रंगारी इथे धूळ आहे. चंद्रपूरच्या धुळीत बरेच काही मिसळलेले असते. दुर्गापूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे आणि ते शहराला लागूनच आहे. भोवती कोळशाच्या खाणी, घुग्घूस आणि गडचांदूरकडे सिमेंटचे कारखाने, रस्त्यावर कोळशाचे ट्रक. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक परिसरांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथे आले होते. प्रदूषणाच्या चर्चेत माणसाच्या फुप्फुसाविषयी बोलले जाते, आणि तेच योग्य आहे. पण ज्याला भिंतीचा रंग सांगायचा आहे त्यालाही हा आकडा डोळ्यांआड करता येत नाही. काळी-राखाडी भुकटी आठ महिने प्रत्येक आडव्या कडेवर साचत राहते: गच्चीच्या कठड्यावर, खिडकीच्या उंबऱ्यावर, छज्ज्यावर, क्लॅडिंगच्या आडव्या खाचांत. पहिल्या पावसात ती सगळी पाण्याबरोबर खाली येते आणि भिंतीवर उभे काळे ओघळ उठतात. वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावात ते ओघळ ओलेही राहतात, आणि ओल्यावर शेवाळ धरते. ऑक्टोबरात पाहिले तर नवीन इमारतीचे वय कळत नाही.

यावर लोक रंगाच्या कंपनीचा ‘डस्ट-प्रूफ’ रंग शोधतात. त्याने फरक पडतो, पण थोडा. खरा फरक पडतो तो पाण्याची वाट ठरवल्याने. कठड्याच्या माथ्याचा उतार बाहेरच्या बाजूला दिला तर त्यावरची सगळी घाण दर्शनी भिंतीवरून उतरते. तोच उतार आत गच्चीकडे दिला तर ती पन्हाळीत जाते. उंबरा भिंतीच्या दोन इंच बाहेर काढून त्याच्या तळाशी खाच मारली तर पाणी तिथे तुटते आणि भिंतीला न शिवता खाली पडते. छज्ज्याच्या तळाला अशीच खाच हवी. गिलाव्यात मधेमधे पट्टे काढायचे असतील तर ते उभे काढावेत, आडवे नकोत. या गोष्टींना पैसे जवळजवळ लागत नाहीत; गवंड्याला दोनदा सांगावे लागते आणि एकदा मचाणावर चढून पाहावे लागते, इतकेच. मात्र कोणत्याही थ्रीडी चित्रात त्या दिसत नाहीत, त्यामुळे कोणी मागतही नाही. बाहेरच्या सजावटीवर लाखो रुपये खर्च झालेल्या इमारतीच्या उंबऱ्यांना पाणी तोडणारी खाच नसणे, हे या भागातले अगदी नेहमीचे दृश्य आहे.

आता एक आक्षेप सरळ अंगावर घेतला पाहिजे. तुम्हीच म्हणता पांढरा रंग सर्वांत जास्त ऊन परतवतो, मग या तापणाऱ्या गावात सगळेच पांढरे का नको? गच्चीसाठी माझे उत्तर एका शब्दाचे आहे: हवेच. गच्ची दिवसभर ऊन खाते, ती कोणाला दिसत नाही, आणि दर उन्हाळ्याआधी ती धुऊन पुन्हा पांढरी करता येते. भिंतीचे गणित वेगळे आहे. चार मजली भिंत दरवर्षी धुणे होत नाही. त्यासाठी मचाण लागते आणि पाणी लागते. शहराला पाणी देणारे इरई धरण वीज केंद्रालाही पाणी देते, आणि उन्हाळ्यात भिंती धुवायला पाणी मागणे लाजिरवाणे वाटावे अशी परिस्थिती असते. न धुतलेला पांढरा रंग वर्षा-दोन वर्षांत मळून आपली बरीच परतफेड गमावतो. फिकट बदामी किंवा वाळूचा रंग मुळातच कमी परतवतो, पण मळल्यावर त्याची पडझड कमी होते. पाच वर्षांनी दोघांतले अंतर शेड कार्डावर दिसते त्यापेक्षा पुष्कळ कमी झालेले असते. शिवाय मळका बदामी रंग जुना वाटतो, तर मळका पांढरा घाणेरडा वाटतो, आणि मालक रंग बदलायला निघतो तो घाणेरड्याला कंटाळून. जुन्या शहराच्या अरुंद गल्ल्यांत आणखी एक अडचण आहे: तुमच्या पांढऱ्या भिंतीने परतवलेले ऊन आकाशात जात नाही, समोरच्याच्या खिडकीत जाते. तेव्हा गच्ची पांढरी आणि भिंती वाळूच्या, बदामी, फिकट गेरूच्या, असा माझा कल आहे. ज्याच्याकडे पाणी, माणसे आणि दरवर्षीचे बजेट आहे त्याने भिंतीही पांढऱ्या ठेवाव्यात. पण अशी इमारत अपवादानेच भेटते.

मातकट रंगांकडे हा कल आवडीतून आला असे कोणी म्हणेल. काही अंशी आलाही असेल. पण त्याला रसायनाचाही आधार आहे. गेरू, पिवळी माती, तपकिरी आणि काळा हे रंग लोहाच्या ऑक्साइडचे. ते उन्हाने उडत नाहीत आणि सिमेंटच्या क्षाराने बिघडत नाहीत. झगझगीत जांभळा, भडक लाल, लिंबू पिवळा हे बहुधा सेंद्रिय रंगद्रव्यांतून येतात आणि ते उघड्या उन्हात सर्वांत आधी विटतात. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात जे लोहखनिज आहे त्याच जातीच्या खनिजाने गेरूला लाली येते. गावातल्या जोत्यावरचा गेरू पिढ्यान्‌पिढ्या टिकला तो त्यामुळे. चंद्रपूर आणि बल्लारशा या रेल्वे स्थानकांना २०१८ मध्ये सुंदर स्थानकांच्या रेल्वेच्या स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले, तेव्हापासून भिंतीभिंतीवर ताडोबाचे वाघ रंगवायची लाटच आली. फलाटाच्या छपराखाली काढलेले चित्र आणि पश्चिमेच्या उघड्या कंपाउंडवर काढलेले चित्र यांचे आयुष्य एक नसते. उघड्यावरच्या वाघाचा पिवळा आधी जातो आणि काळे पट्टे तेवढे मागे राहतात.

राहिले ॲल्युमिनियमचे पॅनेल, म्हणजे एसीपी. बाजारपेठेतल्या दुकानांपासून दवाखान्यांपर्यंत सर्वत्र तेच दिसते, आणि त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे मुद्दे खोटे नाहीत. काम आठवड्यात होते, जुनी ओबडधोबड भिंत झाकली जाते, कडा सरळ येतात, कापड मारले की पुसले जाते, आणि बँकेच्या शाखेसारखा चेहरा मिळतो. माझी तक्रार त्याच्या दिसण्याबद्दल नाही. ॲल्युमिनियम तापले की वाढते: तीन मीटरचा तुकडा पन्नास अंशांच्या फरकाला साडेतीन मिलिमीटर. गडद पॅनेलला पश्चिमेच्या भिंतीवर पहाटे आणि दुपार यांत उन्हाळ्यात तेवढ्याच्या जवळपास फरक रोज सोसावा लागतो. सांधे ते सोसतील अशा मापाचे आणि चांगल्या सिलिकॉनचे नसतील तर ते फाटतात, पॅनेल फुगतात, आणि फटीतून गेलेले पाणी मागच्या भिंतीत मुरते. ते दिसत नाही म्हणून वर्षानुवर्षे मुरत राहते. पॅनेलमागच्या पोकळीत कबुतरे राहतात, विजेच्या वायरी जातात, वाळलेली पाने साचतात.

आणि तिथे आगीचा प्रश्न येतो. स्वस्त एसीपीच्या दोन पत्र्यांमध्ये पॉलिएथिलीन असते, आणि ते पेटते. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ च्या रात्री आग लागली, ती एका स्वयंपाकघरातून बाहेरच्या अशाच आवरणावर पोहोचली आणि चोवीस मजल्यांवर चढली. ७२ माणसे गेली. त्यानंतर २०१८ च्या अखेरीस इंग्लंडने अठरा मीटरहून उंच रहिवासी इमारतींवर जळणाऱ्या आवरणाला बंदी केली. आपल्याकडे इमारती तीन-चार मजली, मग ही भीती कशाला, असे विचारले जाते. उंची कमी असली तरी बाजारपेठेत भिंतीला भिंत लागलेली आहे, खाली दुकान आणि वर दवाखाना किंवा शिकवणी वर्ग आहे, आणि एसीपीने बाल्कन्या व खिडक्या झाकून बाहेर पडायची दुसरी वाटच बुजवलेली असते. पॅनेल हवेच असेल तर न जळणाऱ्या खनिज गाभ्याचे घ्यावे, पावतीवर तसे लिहून घ्यावे, आणि खिडक्यांवरून ते नेऊ नये. किंमत वाढेल. वाढलेल्या किमतीला मालक नको म्हणाला तर त्याला एसीपी मुळातच परवडत नव्हते, असे समजावे.

पण एसीपी आणि काचेविरुद्धचा माझा सर्वांत ठाम मुद्दा कूलरचा आहे. मे महिन्यात इथली हवा भट्टीतून आल्यासारखी पण कोरडी असते, आणि कोरड्या हवेत कूलर फार चांगले काम करतो. मात्र त्याला एक अट असते: कूलरने आत ढकललेली हवा दुसऱ्या खिडकीतून बाहेर जायला हवी. दर्शनी बाजू काचेने आणि पॅनेलने बंद केली की कूलर दोन तासांत खोली दमट करून टाकतो आणि एसीशिवाय गत्यंतर राहत नाही. म्हणजे बाहेरचे साहित्य निवडताना आपण आतले विजेचे बिलही निवडत असतो, आणि त्या बिलाची वीज शेजारच्याच चिमण्यांतून येते. नकाशावरच्या एलिव्हेशनमध्ये कूलर कधीच काढलेला नसतो. प्रत्यक्षात मार्च उजाडला की प्रत्येक खिडकीबाहेर लोखंडी स्टँड ठोकले जाते, क्लॅडिंगला भोके पडतात, आणि कूलरमधून झिरपणारे जड पाणी सुकून खाली क्षारांचे पांढरे ओघळ काढते. वरून काळे, खालून पांढरे. हे अपरिहार्य आहे हे मान्य केले तर सोपे उपाय सुचतात: प्रत्येक राहत्या खोलीला बाहेरच्या बाजूने कूलरसाठी एक कोनाडा, त्याला तळाशी उतार आणि पाण्याची नळी, त्याच्या खालच्या पट्ट्याला ग्रॅनाइट किंवा टाइल. दर्शनी भागात असे कोनाडे एका ओळीत आले तर ते दिसायलाही चांगले दिसतात. इथल्या एलिव्हेशनला स्वतःचा असा काही चेहरा यायचा असेल तर तो बहुधा कूलरच्या कोनाड्यातूनच येईल.

वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत गेले की प्रश्नाचा रंग बदलतो. इथे पाऊस अधिक, कोळशाची भुकटी कमी, आणि माती लाल. खनिजाची वाहतूक होते त्या रस्त्यांकाठी तर झाडांची पानेही तांबडी दिसतात. पावसाचे थेंब जमिनीवर आपटून उडतात आणि भिंतीचा खालचा दोन-तीन फुटांचा भाग तांबडा होतो. उत्तरेच्या ओलसर भिंतींवर हिरवे चढते. खेड्यातल्या घरांनी याचे उत्तर फार पूर्वी काढले आहे: खाली गेरूचा किंवा काळपट पट्टा, वर पांढऱ्या मातीचा पोतारा, आणि कवेलूंचे छप्पर भिंतीच्या बरेच बाहेर. शाळा, वसतिगृहे, कार्यालये यांच्या नव्या इमारतींत मात्र जमिनीपासून गच्चीपर्यंत एकच फिकट रंग लागतो, छज्जे तोकडे असतात, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर खालचा भाग पाहवत नाही. तीन फुटांपर्यंत दगड, टाइल किंवा निदान गडद गेरूचा गिलावा दिला तर हे टळते. सरकारी इमारतीला बांधकामाचा निधी एकदा मिळतो; रंगाचा दरवेळी नव्याने मागावा लागतो, हे ध्यानात ठेवूनच तिचे साहित्य ठरवावे.

जंगलाचा जिल्हा म्हटला की बाहेरून येणारा प्रत्येक जण बांबू आणि सागवान सुचवतो. बांबू मला प्रिय आहे, पण उघड्या भिंतीवर नाही. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडची प्रक्रिया त्याला कीड आणि वाळवीपासून वाचवते, मात्र हे क्षार पावसात धुऊन जातात. म्हणून बांबूला छपराखालची जागा हवी. चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या नव्या इमारतीला फेब्रुवारी २०२१ मध्ये लागलेली आग दुसऱ्या धोक्याची आठवण देते. छपरीची कमान, पश्चिमेच्या सावलीचे सरकते तट्टे, पाच-सहा वर्षांनी बदलता येतील असे पडदे, ही बांबूची कामे. सागाचे म्हणाल तर आलापल्लीच्या जंगलातला साग बल्लारपूरच्या डेपोतून अयोध्येच्या राममंदिराच्या दरवाजांसाठी २०२३ मध्ये गेला. इतक्या मोलाचे लाकूड बाहेर उन्हापावसात ठेवून राखाडी होऊ देणे मला जमणार नाही. मग लाकडासारखी दिसणारी शीट? तिचा छापलेला रंग इथल्या उन्हात किती टिकेल याची लेखी हमी विक्रेत्याकडून मागून पाहावी. उत्तरातच निर्णय मिळतो.

खरे स्थानिक साहित्य दोन आहेत आणि दोन्हींकडे आपण पाहत नाही. पहिला वालुकाश्म. गोंड राजांनी बांधलेला चंद्रपूरचा परकोट, जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर आणि बिनबा हे त्याचे दरवाजे, भद्रावतीची विजासन लेणी, वैनगंगेकाठचे मार्कंडा मंदिर, हे सगळे त्याच दगडाचे. शतकानुशतकांचे ऊन-पाऊस आणि गेल्या चाळीस वर्षांची कोळशाची काजळी खाऊन परकोट काळवंडला, पण ओंगळ झाला नाही. इको-प्रो संस्थेने २०१७ पासून त्यावरची झाडेझुडपे काढायला घेतली तेव्हा आतला दगड शाबूत निघाला. आज वनक्षेत्रातून दगड काढणे सोपे नाही, आणि तसे ते होऊही नये. म्हणून सगळी इमारत मढवायचे स्वप्न सोडून जोते, प्रवेशद्वार आणि कठड्याचा माथा एवढ्यापुरताच दगड वापरावा. झिजते आणि मळते ते तिथेच. दुसरे साहित्य राखेची वीट. कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रांच्या ५० किलोमीटर परिसरात विटांमध्ये राख मिसळण्याची सक्ती केंद्राने १४ सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेने केली, पुढे हे अंतर १०० आणि २०१६ मध्ये ३०० किलोमीटर झाले. म्हणजे इथे वीट राखेची असणारच. पण आपण तिची लाज बाळगतो, गिलावा करतो, पुट्टी भरतो, आणि तिच्यावर पुन्हा राखाडी रंगाचे पॅनेल लावतो! दाबून काढलेली राखेची चांगली वीट, सांधे नीट भरून, पाणी न शोषणारे पारदर्शक द्रव्य मारून उघडी ठेवली तर रंगाचा खर्चच उरत नाही. आणि राखेच्या रंगावर राख बसली तर ती कोणाला दिसणार?

इथे एक आक्षेप असा येतो की त्याचे उत्तर तर्काने पूर्ण देता येत नाही. महानगरांतल्या लोकांनी काचा आणि चकाकी उपभोगायची आणि जंगलातल्या जिल्ह्यांनी माती, बांबू, राखेची वीट यांवर समाधान मानायचे, हा कुठला न्याय? गडचिरोली जिल्हा १९८२ साली झाला. तिथल्या माणसाला आपल्या गावचा दवाखाना, बँक, विद्यापीठ नागपूरसारखे दिसावे असे वाटत असेल तर त्याला मागासलेपणाचे सौंदर्य शिकवायला जाणारा मी कोण? हा राग रास्त आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या शोधग्रामातला दवाखाना गोंडांच्या पाड्यासारखा बांधला गेला, कारण मोठ्या दवाखान्याची भीती वाटते असे तिथल्या लोकांनीच सांगितले होते. तो विचारून घेतलेला निर्णय होता, लादलेली आवड नव्हती. उद्या त्याच लोकांना चकचकीत इमारत हवी असेल तर तीही द्यायला हवी. माझे म्हणणे एवढेच की चकाकी मागणाऱ्याला ती चार वर्षांत विटणारी मिळू नये. ज्याच्याकडे देखभालीला पैसा कमी, त्याला टिकणारे साहित्य अधिक लागते, आणि आज घडते ते उलटेच. इमारतीला प्रतिष्ठा देणाऱ्या गोष्टी म्हणजे उंच जोते, प्रशस्त पायऱ्या, खोल प्रवेश आणि सरळ कडा. जटपुरा दरवाजावर चकाकी कुठेच नाही, पण गावातल्या कुठल्याही नव्या इमारतीपुढे तो दबत नाही.

म्हणून जे बांधत आहेत त्यांना एकच गोष्ट सुचवतो. जोते झाल्यापासून बाहेरचा गिलावा होईपर्यंत बहुतेक इमारतींना एक उन्हाळा आणि एक पावसाळा मिळतोच. जोते झाले की लगेच आवाराच्या पश्चिमेला चार फूट रुंद आणि सहा फूट उंच नमुन्याची भिंत बांधा. तिच्या पश्चिमेच्या अंगावर तुमच्या मनातले सगळे रंग, पॅनेल, टाइल, उघडी वीट, जे काय असेल ते लावा, वर एक उंबरा खाचेसह आणि एक खाचेविना बसवा, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करा. ऑक्टोबरात घरातल्या सगळ्यांना तिच्यासमोर उभे करा, मगच निवड करा. तिचा खर्च एका खिडकीच्या काचेहून अधिक येत नाही.